दवाचे एकसष्ट उल्लेख

१७ नोव्हेंबर २००४, बुधवार

दिवाळीचा चिवडा अजून डब्यात आहे आणि आज केंद्राकडून ही भेट आली. "केंद्रातील वापरात नसलेल्या जुन्या नोंदींचे निर्लेखन करण्याचे योजिले आहे. आपल्या कार्यकाळातील नोंदींबाबत काही म्हणणे असल्यास कळवावे." खाली सही मंजुषा आहेर, केंद्रप्रमुख.

निर्लेखन! रद्दीत घालणार असं लिहायला हात धजला नाही, म्हणून हा शब्द. मंजुषाला मी शिकवून तयार केली. चांदवडहून नवीन आली तेव्हा थर्मामीटर उन्हात धरून वाचायची. आता ती मला 'कार्यकाळ' शिकवते.

नोंदी माझ्या दवाच्या आहेत. नाशिकजवळ, सय्यद पिंप्रीच्या बाजूला आमचं द्राक्ष संशोधन केंद्र, तिथे मी सतरा हिवाळे दव मोजलं. संध्याकाळी मांडवाखाली रंगवलेली लाकडी पट्टी ठेवायची, सकाळी ऊन यायच्या आत तिच्यावरचे थेंब चित्रांशी ताडून पाहायचे आणि शून्य ते आठ यांतला आकडा लिहायचा. द्राक्षाचं पान रात्री किती भिजलं हे कळल्याशिवाय डाउनी रोग कधी येणार ते सांगता येत नाही. आम्ही तेव्हा केंद्राच्या क्वार्टरमध्येच राहत होतो, त्यामुळे खाडा नाही. रविवारी तेवढा माझा नवरा, रंगनाथ, पट्टी बघून यायचा, म्हणजे मला झोप मिळे. चित्रं त्याला मी पाठ करून दिली होती, त्यात अवघड काही नाही.

यातले दहा हिवाळे १९८४ साली दिल्लीच्या एका नियतकालिकात रोजच्या आकड्यांसह छापून आले, कोणीही वापरावेत म्हणून. बाकीचे सात फक्त केंद्राच्या मागच्या खोलीत आहेत. खोली गेली की तेही गेले.

पत्राला नियम जोडलेत. ज्या नोंदींचा वापर सिद्ध होईल त्या संगणकावर चढवणार, बाकीच्या टेम्पोत. वापर म्हणजे जगात कुणी त्या आपल्या लेखात वापरून नावानिशी उल्लेख केलेला असला पाहिजे, आणि असे उल्लेख किमान पन्नास. हे सगळं जानेवारीअखेरपर्यंत उरकायचं.

रंगनाथ म्हणाला, "पन्नास ना? सहज असतील गं."

ह्याला काय कळतं? जन्म एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात गेला. वीज वापरली की बिल जातं, कुणी किती वापरली ते कळतं. दवाचं बिल जात नाही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

केंद्रात जाऊन आले. रंगनाथने स्कूटरवर नेलं. मंजुषा उठून उभी राहिली, खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, चहा नको, खोली उघड.

"मॅडम, किल्ली सापडत नाहीये."

"प्रमुख कोण आहे इथे? तू की किल्ली?"

हसली. काही झालं की हसायचं, ही हिची जुनी खोड. वरून सांगते, रद्दीवाल्याचा टेम्पो शुक्रवारी येऊन परत गेला, किल्लीच नव्हती म्हणून. ज्या बाईला एक किल्ली सांभाळता येत नाही तिच्या हाती केंद्र! माझ्या वेळी किल्ली कमरेला असायची.

एक मात्र केलं तिने. परदेशात कुठली तरी उल्लेखांची सूची ठेवतात, कुणाच्या लेखाचा कुणी कुठे आधार घेतला याची. ती संगणकावर बघायला भरपूर पैसे पडतात. वरच्या कार्यालयाच्या मागे लागून महिनाभराचा पासवर्ड मागवते म्हणाली. बघू. पासवर्डही हरवेल.

३ डिसेंबर, शुक्रवार

पासवर्ड आला. मंजुषाने आमच्यासमोर माझं नाव टाकलं. क्षेमकल्याणी, पुढे शरयूचा एस. इंग्रजीत आडनावाचीच बारा अक्षरं होतात, तिला दोनदा टाकावी लागली.

उत्तर आलं: एकही नाही.

"स्पेलिंग बदलून बघू मॅडम." के एस एच, के एच एस, सी एच. सगळं बघितलं. शून्य.

मी पर्स उचलली आणि निघाले. रंगनाथ मागून आला. आडगाव नाक्यावर स्कूटर थांबवून त्याने विचारलं, "उसाचा रस प्यायचा का?" डिसेंबरात रस! मी नाही म्हटलं. तरी दोन ग्लास घेतले त्याने, आणि दोन्ही स्वतः प्यायला.

४ डिसेंबर, शनिवार

काही नाही. शून्य म्हणजे शून्य. मी आयुष्यात पट्टीची कितीतरी शून्यं लिहिली, पण ती दवाची होती.

१४ डिसेंबर, मंगळवार

वरच्या कार्यालयातून पाहणीला माणूस आला होता, डॉ. रविराज थेटे. डॉक्टर म्हणे! माझ्या पदवीपेक्षाही वयाने लहान. मी मुद्दाम गेले होते. मला बघून म्हणाला, "या मावशी, बसा."

मी म्हटलं, "मी तुमच्या आईची बहीण नाही, आणि इथे झाडायलाही येत नाही. मी इथली निवृत्त वरिष्ठ संशोधक आहे."

बिचारा उभाच राहिला. मग नियम सांगत बसला. वापर नाही तर जागा नाही, जागेला भाडं पडतं, सगळं इतकं नम्रपणे की चिडायलाही सोय नाही. तेवढ्यात टेम्पो आला. थेट्यांनी मागची खोली उघडायला सांगितलं.

मंजुषा म्हणाली, "किल्ली सापडली सर, पण खिडकीला मोहोळ धरलंय. आग्या आहे. दार वाजलं की उठतं. मागच्या आठवड्यात नाथाला चावल्या ना माश्या!" नाथा म्हणजे केंद्राचा माळी. त्याने लगेच कान चोळला.

टेम्पो पुन्हा रिकामा गेला. बाहेर आल्यावर मी खिडकी बघितली, मला मोहोळ काही दिसलं नाही. म्हटलं तर मंजुषा म्हणते, "आतल्या अंगाला आहे मॅडम." खोलीच्या आत मोहोळ होईपर्यंत ही बसून होती! काय हा गलथानपणा. मी तिला स्पष्ट बोलले. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि स्वेटर घालून येत जा म्हणाली.

२० डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

पासवर्ड संपायच्या आत शेवटचं एकदा बघू, म्हणून मंजुषाने बोलावलं. पुन्हा तेच, क्षेमकल्याणी, शून्य. मी म्हटलं, बंद कर ते. रंगनाथ कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता. म्हणाला, "मंजुषाबाई, पैसे भरलेच आहेत तर एकदा माझं टाका की. बघू तरी, जगात माझं नाव कुणी काढतं का."

"काका, तुमचं काय टाकू? बॉयलर?"

"नुसतं रंगनाथ टाका. आडनाव टाकलं की मशीन दमतं, आत्ताच बघितलं."

तिने टाकलं. रंगनाथ पुष्कळ निघाले, बहुतेक कर्नाटकातले, भात, गाई, रेशीम, काय काय. रंगनाथ चष्मा वर करून खूश होऊन वाचत होता. "बघ, गाईंवर पण काम केलंय मी." आणि मंजुषा एकदम थांबली.

"मॅडम, हे नाशिक इथे काय करतंय?"

रंगनाथ एस. एम. टी. खाली माझा लेख. माझं नियतकालिक, माझं साल, माझी पानं. पुढे आकडा एकसष्ट.

"आयला, लय भारी!" मंजुषा ओरडली. चांदवड बाहेर आलं. मग जीभ चावून, "सॉरी मॅडम."

मला आधी समजेना. मग समजलं आणि मी जोरात हसले, कारण दुसरं काय करणार? केंद्राचा तेव्हाचा कारकून पुंजाराम. त्याने टंकलेखनात माझ्या नावामागे श्रीमती लावलं होतं, इंग्रजीत एस एम टी आणि टिंब. नियतकालिकवाल्यांनी ओळीत मावत नाही म्हणून क्षेमकल्याणी छाटलं. परदेशातल्या सूचीवाल्यांनी बघितलं, शेवटी रंगनाथ, म्हणजे आडनाव. पुढे एस, एम, टी, म्हणजे नावाची आद्याक्षरं. तीन अक्षरांत जागा संपली, शरयू कुठेच नाही. आमच्याकडे बाईच्या नावानंतर नवऱ्याचं नाव येतं आणि त्यानंतर आडनाव, हे त्यांना कोण सांगणार?

अंक घरी आला तेव्हा आडनाव गेल्याचं कसं लक्षात आलं नाही? नाही आलं, कारण त्या दिवशी घरात दुसरंच पेटलं होतं. धाकट्या दिरांनी माझं नाव मोठ्याने वाचलं, "श्रीमती शरयू", आणि सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "श्रीमती? माझा मुलगा धडधाकट समोर बसलाय आणि श्रीमती? सौभाग्यवती लिहायला शाई संपली होती का तुमच्या हापिसात?" सरकारी कागदात सगळ्याच बायका श्रीमती असतात हे त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी रंगनाथला कपालेश्वराला अभिषेकाला पाठवलं. पुंजारामचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

नवऱ्याला मी नावाने हाक मारते याचंही त्यांना वाईट वाटायचं. आता त्या असत्या तर म्हटलं असतं, मी एकटी नाही हो. एकसष्ट परदेशी माणसं तुमच्या मुलाचं नाव घेतात, आणि तेही उखाण्याशिवाय.

२३ डिसेंबर, गुरुवार

रंगनाथ बिघडला. दूधवाल्याला सांगितलं, शेजारच्या अक्काबाईंना सांगितलं. अक्काबाई मला विचारतात, "भाऊजींनी शोध लावला म्हणे काही?" मी म्हटलं, "हो, स्वतःचा."

तो दाढी करताना गुणगुणत होता. रागवावंसं वाटलं नाही.

३ जानेवारी २००५, सोमवार

मंजुषाने एकसष्टांचं वर कळवलं होतं, त्यावर थेट्यांचं उत्तर आलं. सूचीतले रंगनाथ म्हणजेच मी, हे सिद्ध करा. लेखकाचं प्रतिज्ञापत्र आणि 'सदर नावाच्या व्यक्तीचे' ना हरकत प्रतिज्ञापत्र. म्हणजे रंगनाथने शपथेवर सांगायचं की मी शास्त्रज्ञ नाही. त्याला मी म्हटलं, हे तर तू रोज सिद्ध करतोस.

मंजुषाने उल्लेख करणाऱ्या लेखांच्या छापील प्रती पाठवल्या, मिळाल्या तेवढ्या. दुपारपासून वाचते आहे. अडतीस लेख द्राक्षाच्या रोगांवर. चिली, दक्षिण आफ्रिका, इटली. रोगाचा अंदाज बांधायची सूत्रं त्यांनी माझ्या आकड्यांवर तपासून घेतली आहेत. माझं दव चिलीत! आणि राहिलेले तेवीस वेगळेच आहेत, त्यांनी तर मला चकित केलं. हंगेरीतली एक बाई, कातालिन व्हेरेश. तिला माझ्या आकड्यांत असं आढळलं की नाशिकला रविवारी दव जास्त पडतं. दर रविवारी, दहाही हिवाळे. तिने त्यावर मोठा लेख लिहिला. आग्रा रोडचे ट्रक, कारखान्यांचा धूर, सुट्टीच्या दिवशी स्वच्छ होणारी हवा. मग बाकीचे बावीस जण आपापल्या गावचे रविवार तपासू लागले. "नाशिकचा रविवार" असं नावच पडलंय त्याला.

मी जिथे रोज उभी राहिले तिथे एवढं गूढ होतं आणि मला पत्ता नव्हता! जेवताना रंगनाथला सगळं वाचून दाखवलं. हवेतले कण, वाहतूक, सगळं. त्याने अर्धी भाकरी तशीच ठेवली. पित्त झालं असणार, दुपारी चार लाडू खाल्ले होते डिंकाचे. मी ओव्याचं पाणी दिलं.

६ जानेवारी, गुरुवार

रंगनाथने आज मला कोर्टासमोर शरमेने मान खाली घालायला लावली.

सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाच्या भिंतीला टंकलेखक बसतात, त्यांच्याकडून दोन्ही प्रतिज्ञापत्रं करून घेतली. माझ्यावर मी सही केली. रंगनाथच्या कागदावर होतं, "सदर लेखात छापलेले नाव माझे नसून माझ्या पत्नीच्या नावाचा भाग आहे. सदर नोंदींशी माझा कसलाही संबंध नव्हता व नाही." रंगनाथने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे दुसरं वाक्य काढा."

टंकलेखक म्हणाला, "काका, ते असतंच. त्याच्याशिवाय नोटरी घेत नाही."

"मग मला जमायचं नाही."

"अहो, सही करा, पुढचं गिऱ्हाईक उभंय."

"असू दे उभं. खोटी शपथ घ्यायची नाही मी."

मी म्हटलं, "रंगनाथ, तुला एकसष्टाचा मोह सुटत नाहीये. पंधरवडाभर शास्त्रज्ञ झालास, बास झालं. माझी नोंद टेम्पोत जाईल तुझ्या हौसेपायी." लोक बघत होते. मी आवाज कमी केला नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथाने आम्हाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायला शिकवलं, ते कोर्टासमोरही उपयोगी पडलं.

तो स्कूटर चालू करून बसला. मी शरणपूर रोडपर्यंत चालत निघाले, तो माझ्या बाजूने स्कूटर हळूहळू चालवत राहिला. मागून बसवाला हॉर्न देत होता. शेवटी बसले मागे.

७ जानेवारी, शुक्रवार

वाटाणे सोलत बसलो होतो. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तोच बोलला.

"रविवारी पट्टी कोण बघायचं?"

"तू. मग?"

"मग तेच."

"तेच काय? तुला चित्रं शिकवली होती मी. डोळे तुझे माझ्याहून चांगले."

"डोळे चांगलेच होते." त्याने एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, आणखी एक घेतली. "तीनचं चित्र असलं की मी चार लिहायचो. कधी पाच."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "का?"

"दव कमी पडलं की तू दिवसभर तोंड पाडून बसायचीस. पोरांना तू घरात रविवारीच मिळायचीस. म्हटलं, एक पायरीने कुणाचं काय बिघडतं?"

"एक पायरीने?"

"आईसुद्धा म्हणायची, रंगा, आज चांगलं पडलंय ना रे?"

म्हणजे सासूबाईंनाही ठाऊक होतं! त्या घरात दवाबद्दल कट होता आणि मोजणारी मी एकटी होते.

मी उठून गॅलरीत गेले. कातालिन व्हेरेशने महामार्गावरच्या ट्रकांचे आकडे मागवले होते, कारखान्यांच्या सुट्ट्या तपासल्या होत्या. आणि कारण माझ्या स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलत होतं. असा राग मला वर्षानुवर्षांत आला नव्हता. आकडा हा आकडा असतो. मी खाडाखोड केलेली नाही, कधीही, ताप असतानाही नाही. आणि दर सातवा आकडा प्रेमाने फुगवलेला!

आत येऊन म्हटलं, "सतरा वर्षं! एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"तू खूश असायचीस ना."

हे खरं आहे. रविवारी मी खूश असायचे. पुरणपोळी करायचे, पोरांना घेऊन सोमेश्वरला जायचे. मला वाटायचं, सुट्टी आहे म्हणून.

वाटाण्यात मीठ घालायला विसरले.

१० जानेवारी, सोमवार

तीन दिवस विचार केला. विचार करण्यासारखं काही नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण तीन दिवस लागले. ते तेवीस उल्लेख खोट्या गोष्टीचे आहेत. मी गप्प राहिले तर नोंद वाचते. बोलले तर अडतीस राहतात, आणि अडतीस म्हणजे टेम्पो. छापलेले दहा हिवाळे जगात कुठे तरी राहतील, पण ते सात जातील.

मंजुषाला फोन केला आणि सगळं सांगितलं. 

"मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू का?"

"सांगितलंय. आणि लेखी देणार आहे."

"एकसष्टमधून तेवीस गेले तर…"

"वजाबाकी येते मला."

ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम. मग मी किल्ली परत एकदा हरवते."

हरवते म्हणाली की हरवली म्हणाली, फोनवर नीट ऐकू आलं नाही. काही असो, हिला किल्लीपलीकडे सुचत नाही. उद्या मेनरोडवरून किल्ल्या अडकवायचा एक चांगला पितळी जुडगा घेऊन तिला देणार आहे. रंगनाथला हे सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. काय एवढं हसण्यासारखं होतं कुणास ठाऊक.

रंगनाथच्या प्रतिज्ञापत्रातलं दुसरं वाक्य बदलून घेतलं. "सदर नोंदींपैकी रविवारच्या नोंदी मी घेतल्या असून त्या वास्तवापेक्षा किंचित जास्त आहेत." टंकलेखक म्हणाला, असं प्रतिज्ञापत्र मी जन्मात टाइप केलं नाही. रंगनाथने लगेच सही केली, मोठी, नावाखाली रेघ ओढून.

२१ जानेवारी, शुक्रवार

आज समितीपुढे गेलो. थेटे मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना दोघे जण, त्यातले एक डुलकी घेत होते. मंजुषा माझ्या शेजारी. रंगनाथला बाहेर बाकावर बसवला होता, पण दार उघडं होतं.

मी सगळं सांगितलं. एस. एम. टी. चं सांगितलं तेव्हा डुलकीवाले जागे झाले. रविवारचं सांगितलं तेव्हा थेट्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मिस्टर क्षेमकल्याणींनी आकडे वाढवले?"

"हो."

"मुद्दाम?"

"अगदी मुद्दाम. म्हणून माझे उल्लेख अडतीसच धरा."

थेट्यांनी कागद उलटसुलट केले. "मॅडम," (मावशी गेली एकदाची) "सूचीत एकसष्ट आहेत. अर्जावर सूचीतला आकडा घ्यायचा, असा नियम आहे."

"पण तेवीस चुकीचे आहेत!"

"चुकीचे उल्लेख असा रकाना नाही मॅडम. कशासाठी वापरलं ते आम्ही बघत नाही. वापरलं की वापर."

"म्हणजे कुणी 'ह्या बाईची नोंद भिकार आहे' असं लिहिलं तरी?"

"तरी एक."

मी म्हटलं, "अहो, हे मोजमाप आहे की काय आहे? मी पट्टीवर थेंब मोजायचे ते दवाचे आहेत की कुणी पाणी शिंपडलंय, हे तरी बघायचे! तुम्ही जगभरची संशोधनं मोजायला निघालात आणि स्तुती आणि शिवी एकाच…" टेबलाखाली मंजुषाने माझ्या पायावर पाय ठेवला. चांगला जोरात. तिला तोल सांभाळता येत नाही, जुनी गोष्ट आहे.

डुलकीवाले म्हणाले, "बाई, तुम्ही नोंद वाचवायला आलात की बुडवायला?"

बाहेरून बाकावरून आवाज आला, "ती अशीच आहे साहेब!"

सगळे हसले. थेटेसुद्धा. मी हसले नाही. मी एवढंच मागितलं, की रविवारची टीप नोंदीबरोबर कायमची जोडा, मोठ्या अक्षरात, म्हणजे पुढे कुणी ट्रक मोजत बसणार नाही. त्याला हरकत नाही म्हणाले. सतराही हिवाळे संगणकावर चढवणार. वापर सिद्ध. एकसष्ट.

निर्लेखन टळलं, आणि तेही चुकीच्या कारणासाठी. माझी नोंद वाचवली ती माझ्या अचूकपणाने नाही, नवऱ्याच्या लबाडीने. येताना मी हे सगळं स्कूटरवर मोठ्याने बोलले. रंगनाथने आडगाव नाक्यावर स्कूटर थांबवली. या वेळी मी रस प्यायले.

मंजुषाला जुडगा दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि तिचे डोळे भरून आले. एका जुडग्यासाठी! चांदवडच्या माणसांना पितळेचं भारी कौतुक.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

कातालिन व्हेरेशला मी समितीनंतर लगेच लिहिलं होतं, मंजुषाच्या संगणकावरून. आज उत्तर आलं. मला वाटलं होतं चिडेल. मी असते तर चिडले असते.

तिने लिहिलंय की पत्र वाचून ती प्रयोगशाळेत खुर्चीवरून उठून खिडकीशी गेली आणि तिचे सहकारी विचारू लागले, काय झालं. दोन वर्षं तिने या रविवारासाठी घालवली होती. धूर, ट्रक, धूळ, सगळं सगळं तपासलं होतं. "नवरा ही शक्यता माझ्या लक्षातच आली नाही," असं लिहिलंय. तिचा नवरा मासे पकडतो, आणि घरी येऊन माशांची लांबी सांगतो. आता तिला त्या माशांवर विश्वास ठेवणं अवघड जातंय.

ती दुरुस्तीची टीप छापणार आहे. माझे आकडे ती पुन्हा वापरते आहे, रविवार वेगळे काढून. त्यात दोन्ही निरीक्षकांची नावं कशी छापायची, असं विचारलंय.

मी माझं नाव लिहून दिलं. शरयू क्षेमकल्याणी. मागे काही नाही, मध्ये काही नाही. रंगनाथला विचारलं, तुझं कसं लिहू?

"श्री. रंगनाथ क्षेमकल्याणी."

"श्री लावलंस तर जगात तुझं नाव एस. एच. आर. आय. होईल."

"होऊ दे की. तुझं झालं होतं तेव्हा मला एकसष्ट मिळाले."

शेवटी नुसतं रंगनाथ लिहिलं. माझ्यानंतर. त्याने तक्रार केली नाही.

१३ मार्च, रविवार

टीप छापून आली, प्रत काल टपालाने आली. मंजुषाने पुन्हा पासवर्ड मागवून बघितलं; म्हणते, सूचीत आता बासष्ट दिसतात. चूक झाल्याचं सांगितलं, त्याचाही एक मिळाला. मी यावर काही बोलणार नाही. बोलून झालं आहे.

रंगनाथ सकाळपासून हिशोब करतो आहे. सात दिवसांतला एक त्याचा, म्हणजे बासष्टचा सातवा हिस्सा किती. "आठ येतात, आणि वर थोडे. आपण नऊ धरू."

"आठ."

"वर आहेत ना थोडे."

"आठ, रंगनाथ."

बरं म्हणाला. मग गॅलरीत जाऊन अक्काबाईंना नऊ सांगितले. मला ऐकू आलं.

चहा आज त्याने केला. एवढा गोड की जीभ चिकटली. साखर किती घातलीस म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "नेहमीएवढीच."

मी प्याले.